कॉलेज फुटबॉल: फुकट शिक्षण पुरे, की पगारही हवा?

अ‍ॅनआर्बरकर
सामन्याच्या शनिवारी आमच्या गावात गाडी बाहेर काढणं म्हणजे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर रिक्षा शोधणं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात आणि खेळतात कोण, तर विशीतली पोरं. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातात धरून पळायचा. आपला तो इथे सॉकर.)

१९९४ पासून मोठ्या कॉलेजांना फुटबॉल संघात ८५ जणांनाच शिष्यवृत्ती देता यायची. उरलेली पोरं 'वॉक-ऑन', म्हणजे स्वतःच्या खर्चाने शिकून सरावात मार खाणारी. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली. (हा खटला खेळाडूंनी एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना, हिच्याविरुद्ध भरला होता.) ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना ८५ ची अट उरली नाही, पण संघच १०५ चा करावा लागला. शिवाय पहिल्या वर्षी सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटायची मुभा मिळाली. माझ्या मते उशिरा सुचलेलं शहाणपण. तुमचं काय?

हिशेबनीस
साफ असहमत. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, खासगी शिकवणी, सगळं फुकट. चांगल्या खासगी कॉलेजात चार वर्षांचे तीन लाख डॉलर सहज होतात. मी मुलीच्या फीसाठी घरावर कर्ज काढलंय, तिला कोणी टाळ्याही वाजवत नाही. याला पगार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

अ‍ॅनआर्बरकर
काका, मुलीची फी पाहायला लाख माणसं तिकीट काढत नाहीत हो. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर या कोचला काढलं, तेव्हा करार मोडल्यापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. काम *न करण्याचे* एवढे पैसे! आणि गुडघा फुटलेल्या पोराला 'शिक्षण मिळालं ना' म्हणायचं?

वकीलीणबाई
'विद्यार्थी-खेळाडू' हा गोड शब्द कुठून आला ते सांगते. १९५५ मध्ये रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये नाकारली, कारण काय, तर कॉलेज फुटबॉलचा धंदा करत नाही! त्याच काळात एनसीएएचे वॉल्टर बायर्स यांनी तो शब्द रुळवला. खेळाडू 'नोकर' ठरू नये, हाच हेतू. पुढे २०२१ च्या 'ऑल्स्टन' खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरची मर्यादा ९-० ने उडवली. नऊच्या नऊ!

वॉकऑनची_आई
तुमची तत्त्वं राहू द्यात बाजूला. माझा मुलगा तीन वर्षं संघात होता. शिष्यवृत्ती नाही, सामन्यात एक मिनिट नाही. आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची आणि मुख्य संघाने त्याला आडवं पाडायचं, हेच काम. पहाटे पाचला व्यायाम. १०५ ची मर्यादा येणार म्हटल्यावर कोचने वसंतातच यादी लावली, तीत त्याचं नाव नव्हतं. नंतर न्यायाधीशबाईंनी अशा मुलांना मर्यादेबाहेर ठेवायची सोय करायला लावली, पण परत घ्यायचं की नाही हे कोचच्याच हातात. बेकर मेफील्ड वॉक-ऑन म्हणून आला आणि २०१७ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला. आता तसा मुलगा दारातून आत तरी कसा येणार? पगार द्या, जरूर द्या. पण तो आमच्या पोरांची जागा खाऊन का?

कंदीपेढा
आपल्याकडं बरं आहे की. कबड्डीचा चांगला चढाईपटू दिसला की रेल्वे नाहीतर पोलीस खातं नोकरी देतं. गुडघा गेला तरी पगार चालू. 😀

हिशेबनीस
@वॉकऑनची_आई, ताई, वाईट वाटलं. यात माझ्या मुद्द्याला बळच मिळतंय, पण तो आनंद नाही.

आता दुसरं. हे २ कोटी येणार कुठून? फुटबॉलच्या तिकिटांवर पोहणं, टेनिस, मुलींचं रोइंग चालतं. मुलामुलींना समान संधीचा 'टायटल नाइन' कायदा १९७२ पासून आहे, तरी याच तडजोडीत ठरलेल्या मागच्या थकबाकीच्या सुमारे २८० कोटी डॉलरमधला बहुतेक वाटा पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉलला. मुलींनी २०२५ मध्ये त्याविरुद्ध अपील केलं. पुण्या-मुंबईची पोरं इथे येतात ती टेनिसच्या नाहीतर स्क्वॉशच्या जोरावर. कात्री तिथे लागली तर?

वकीलीणबाई
त्यांच्या व्हिसाचं तर विचारूच नका. विद्यार्थी व्हिसावर कामाला कडक बंधनं. उद्या खेळणं म्हणजे नोकरी ठरलं, तर परदेशी पोरांची पंचाईत. पगाराच्या बाजूची असूनही सांगते, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

अ‍ॅनआर्बरकर
टेनिस आणि वॉक-ऑन, दोन्ही मुद्दे मान्य. पण मग कोचच्या करारांवरच मर्यादा आणा ना! बारा वाजता सामना आहे, बाकी संध्याकाळी भांडू.

हिशेबनीस
तिकीट केवढ्याला काढलंस ते आधी सांग.