मदत हवी आहे : अडीच फुटी बोळात मुरूम आणि काळा दगड, खोदायला काय वापरावं?

नमस्कार मंडळी,

साताऱ्याजवळ गावी आमचं दगडी जोत्याचं जुनं घर आहे. मागची भिंत आणि शेजाऱ्यांचं कंपाउंड यांच्यामध्ये जेमतेम अडीच फुटांचा बोळ. न्हाणीचं आणि पागोळ्यांचं पाणी तिथेच साचून जोत्यात मुरतं, आणि पावसाळाभर मागच्या खोलीची भिंत ओली राहते. आई त्याच खोलीत झोपते, म्हणून यंदा पाऊस लागायच्या आत हे काम करायचंच आहे. बोळातून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप पुढच्या गटाराला नेऊन सोडायचा. लांबी ३५ फूट. साठाला एक असा उतार धरला तर सुरुवातीला फूटभर आणि शेवटी दीड फुटाच्या वर खोली लागते.

वरची वीतभर माती सहज निघाली. खालचा मुरूमही पहारीने सुटतोय, पण त्यात काळ्या दगडाचे गोटे आहेत. बाहेरून कांद्यासारखे पापुद्रे निघतात, आतला गाभा मात्र पहार मारली की ठणकन वाजतो आणि पहारच उडते. शेवटच्या दहाएक फुटांत तर सलग कातळ असावा.

खरी अडचण जागेची. टिकाव उगारला की दांडा भिंतीला लागतो, घण फिरवणं अशक्य. पहार तेवढी उभी चालते. भाड्याच्या दुकानात पाच किलो आणि सोळा किलो वजनाचे असे दोन ब्रेकर (दगड फोडायची विजेवरची यंत्रं) आहेत, अकरा किलोचा मागवून देतो म्हणाले. कोणता घ्यावा? जोतं मातीत बांधलेलं आहे, त्याला हादरे बसतील ही धास्ती आहे. सुरुंगाचा पर्याय कृपया सुचवू नका, दोन्ही बाजूंना घरं आहेत.

प्रतिसाद :

अकरा किलोचा मागवा. पाच किलोचा भिंत फोडायला ठीक, पण या गाभ्यावर नुसता नाचेल. सोळा किलोचा ताकदीचा असतो, पण तो सरळ उभा धरूनच चालवावा लागतो. चरात उतरून दगडाच्या बाजूला तिरका लावायचा म्हटलं तर अडीच फुटांत हात आखडतात. शिवाय हादरेही जास्त. मुरमाला रुंद पात्याची छिन्नी लावा, दगडाला टोकाची. गोट्याच्या मधोमध मारत बसू नका. आधी पहारीने एका अंगाचा मुरूम काढा, दगडाला सुटायला तोंड मिळालं की कडेवर दोनचार ठोक्यांत फुटतो.

कातळासाठी मात्र जोत्याजवळ ब्रेकर लावूच नका. ड्रिलने वीतभर अंतरावर ओळीने भोकं पाडा, त्यांत पाचरी बसवा आणि सुतकीने आळीपाळीने थोडं थोडं ठोकत जा. एकीवरच जोर काढायचा नाही. आवाज बदलला की थांबायचं, चीर आपोआप पुढे सरकते. खाणीत वडार मंडळी दगड असाच काढत आली आहेत. भोकांत भरायची फुगणारी पावडरही मिळते. ती चुन्याची असते, पाण्यात कालवून ओतली की साधारण दिवसभरात दगड तडकवते. पण भरल्यावर भोकावर वाकून बघायचं नाही, उसळून डोळ्यात जाते.

त्याआधी उतार पुन्हा मोजा. न्हाणीच्या आणि पावसाच्या पाण्याला ११० मिमीच्या पाइपात शंभराला एक पुरतो. म्हणजे तुमच्या ३५ फुटांत सात इंचांऐवजी सवाचार इंच. कातळातले पावणेतीन इंच वाचतात, आणि फोडणाऱ्यालाच कळतं ते किती असतात. सुरुवातीला जाळी बसवा, नाहीतर पानं अडकतील.

जोत्याच्या तळाखाली चर जाऊ देऊ नका. सगळा चर एकदम उघडा ठेवण्यापेक्षा सहा-सात फूट खोदा, पाइप टाका, भरा, मग पुढे. बोर्डात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) आहे का ते आधी बघा, ओल्या बोळात ब्रेकर त्याशिवाय चालवू नका. वायर अडीच चौरस मिमीची, पूर्ण उलगडलेली.

जोत्याची खोली किती आहे? आणि कातळ भिंतीपासून किती लांब लागतोय? तेवढं कळवा, म्हणजे भोकांची ओळ कुठे घ्यायची ते सांगता येईल.