चिंक्वे तेर्रे: साठी ओलांडलेल्या आईवडिलांसोबत कोणती पायवाट निवडावी?

प्रश्न

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही नागपूरहून इटलीला जाणार असून लिगुरियाच्या किनाऱ्यावरील चिंक्वे तेर्रेची पाच गावे पाहण्याचा विचार आहे. आईवडील साठीच्या पुढचे आहेत. दोघेही नेमाने अंबाझरीला फिरायला जातात, परंतु पायऱ्या उतरताना आईचे गुडघे दुखतात. तरीही गावागावांना जोडणारी समुद्रकाठची वाट तिने थोडीतरी चालावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कोणता टप्पा घ्यावा आणि शाकाहारी जेवणाची सोय कशी होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

पाचही गावे एकाच दिवसात पायी जोडण्याचा आग्रह धरू नका. सेंतिएरो अझ्झुर्रो ही किनाऱ्यालगतची वाट कागदावर जेमतेम १२ किलोमीटरची असली, तरी तेथील डोंगर थेट समुद्रात उतरतात. द्राक्षमळ्यांसाठी शतकानुशतके रचलेल्या दगडी बांधांच्या कडेने ती सतत चढत-उतरत जाते आणि दरडींमुळे तिचे काही भाग वर्षानुवर्षे बंद राहतात. रिओमाज्जोरे ते मानारोला हा सोपा, जवळजवळ सपाट टप्पा २०१२ मध्ये दरड कोसळल्याने बंद झाला, तो २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. त्यासाठी वेळ आधी आरक्षित करावी लागते, आणि आईंसाठी मी हाच टप्पा पहिला धरेन.

दुसरा टप्पा घ्यायचा झाल्यास कॉर्निल्याहून वेर्नात्साकडे चालावे, उलट नव्हे. कॉर्निल्या समुद्रापासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर आहे. स्थानकावरून गावात जायला पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण लहान बसही मिळते. ती घेतल्यास निम्मी चढण आधीच संपते. शेवटी वेर्नात्साचे बंदर वरून दिसू लागते तेव्हा उतार मात्र तीव्र होतो, म्हणून दोन काठ्या हव्यातच. आतापासून रामटेकच्या गडावर चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव काठ्यांसह करावा, अर्थात डॉक्टरांना विचारून.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. वेर्नात्सा, कॉर्निल्या आणि मोंतेरोस्सो यांमधील वाटांसाठी चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाचे कार्ड लागते. त्यातील रेल्वेसह मिळणारे कार्ड आपल्याला सोयीचे पडेल. चपला घालून या वाटांवर जाण्यास मनाई असून दंडही होतो. पावसाचा इशारा असल्यास वाटा बंद करतात आणि ते योग्यच आहे, कारण २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलाखाली गेले होते. त्यामुळे आदल्या संध्याकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावर स्थिती पाहावी.

जेवणात फारिनाता जरूर मागवा. हरभऱ्याचे पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर भट्टीत भाजलेला हा पदार्थ आपल्या बेसनाच्या धिरड्याची आठवण करून देतो. फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेल घालून भाजलेला चपटा पावही सर्वत्र मिळतो. मोंतेरोस्सो अँकोव्ही माशांसाठी प्रसिद्ध असल्याने पिझ्झा मागवताना ‘सेन्त्सा अच्चूगे’, म्हणजे हे मासे नकोत, असे स्पष्ट सांगावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. बाबांना मोंतेरोस्सोपर्यंत चालायचेच असेल, तर काय करावे?

प्रतिसाद १

त्यांना वेगळ्या दिवशी, ऊन चढण्यापूर्वी मोंतेरोस्सोहून वेर्नात्साकडे न्यावे. सुमारे दोन तास लागतात आणि मोंतेरोस्सोच्या बाजूच्या पायऱ्या ताज्या पायांनी चढून होतात. आईंनी तेवढ्यात रेल्वेने वेर्नात्सा गाठावे. प्रवास काही मिनिटांचाच आहे.