गिनीपिगचा तीन मजली पिंजरा, अन् वरून नागपूरचा उन्हाळा

पाऊसवेडी (मानेवाडा)
लेकीच्या हट्टापायी दोन गिनीपिग आणले. दुकानदारानं तीन मजली पिंजरा गळ्यात मारला: शिड्या, तळाला जाळी, वर फिरतं चाक. "दोघी माद्याच आहेत ताई," म्हणाला. राणी अन् मैना चाकाकडे ढुंकूनही बघत नाहीत, दिवसभर कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसतात. काल राणीच्या मागच्या तळव्याला लाल चट्टा दिसला. मार्च लागलाच आहे, पिंजरा कूलरसमोर ठेवू का?

जुना_बर्डीकर
चाक आजच काढा ताई, त्यात यांची पाठ दुखावते. चट्टा त्या जाळीचाच असणार. दुर्लक्ष केलं तर तळवा सुजून जखम होते.
मजल्यांचा यांना काय उपयोग? ही जात चढणारी नाही, पळणारी. दोघींना निदान साडेसात चौरस फूट सपाट जागा हवी. मी १४ इंची जाळीचे चौकोन लांबीला चार, रुंदीला दोन असे बांधले, साडेदहाच्या वर जागा झाली. खाली निवडणुकीतलं जुनं फ्लेक्स (कडा बाहेर वळवा, नाहीतर कुरतडतात), त्यावर जुने टॉवेल. तडकलेल्या माठाचं बूड काढलं, कडा घासल्या अन् आडवा टाकला. दोन्हीकडून वाट असली पाहिजे. एकाच तोंडाचं घर असलं की दांडगी दारात बसते, दुसरी आत अडकते. वाळलं गवत मी पुठ्ठ्याच्या नळ्यांत कोंबून ठेवतो, तासभर ओढत बसतात.
आता कूलर. थेट झोतात अजिबात नको, अन् त्या दमटपणानं गवताला बुरशी धरते. पण गारवा हवाच. २७-२८ अंशांच्या वर यांचे हाल सुरू होतात, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५. गेल्या नवतपात (मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) दुपारी लाईट गेली, मी जेवून आडवा झालेलो. उठून बघतो तर आमची काळी पसरून पडलेली, हनुवटी लाळेनं ओली, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. बर्फ लावला नाही. साध्या पाण्यात फडकं भिजवून कानांना, पायांना लावलं अन् तशीच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेली. वाचली. तेव्हापासून फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या असतात. मोज्यात घालून पिंजऱ्यात ठेवतो, त्यांना टेकून लोळतात.

सांबारवडी
"दोघी माद्याच" यावर जाऊ नका बाप्पा! माझ्याकडे अशाच "दोघीं"ना तीन पिल्लं झाली, डोळे उघडे, अंगभर केस, तासाभरात हुंदडायला लागली. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे दाखवा, तळवाही बघतील.
खाण्याचं कोणी बोललंच नाही. आपल्यासारखंच यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ढोबळी मिरचीची फोड रोज द्या, सोबत थोडा सांबार (म्हणजे कोथिंबीर). मोठ्यांना लसूणघास (गुरांचा तो हिरवा चारा) मात्र रोज नको, त्यात कॅल्शियम फार, मूतखड्याची भीती.

पाऊसवेडी
चाक अन् शिड्या भंगारात गेल्या. माठ सासूबाईंनी स्वतःच दिला, "तसाही झिरपत होता" म्हणत. तळव्याला मलम मिळालं.
अन् मैना निघाली मैनाजी! मधे जाळी घालून दोघांना वेगळं केलंय. डॉक्टरांनी राणीचं पोट चाचपलं, म्हणाले पंधरा दिवसांनी परत आणा. लेक आत्तापासूनच नावं शोधत बसलीय.