सिंगापूरचा सीओई: गाडीचा हक्क लिलावात विकणं न्याय्य आहे का?

सेंगकांगची_सई
दोन लहान मुलं आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आई, त्यामुळे गाडी घ्यावी असं फार वाटतं. पण इथे गाडीच्या किमतीआधी सीओई, म्हणजे दहा वर्षं गाडी ठेवण्याचा परवाना, लिलावात घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2023 मध्ये लहान गाड्यांच्या अ गटाचा भाव 1,06,000 सिंगापूर डॉलरवर गेला होता. साठ लाखांहून जास्त रुपये, तेही नुसत्या परवान्याचे! रस्ते मोकळे राहतात हे मान्य. पण गरज कोणाला आहे हे कोणी विचारतच नाही, हे योग्य आहे का?

जुना_जुरॉंगकर
सीओई 1990 पासून आहे. बेट एवढंसं, त्यामुळे 2018 पासून खासगी मोटारींची वाढ शून्यावर आणली. नवे परवाने मुख्यतः जुन्या गाड्या बाद होतील त्या प्रमाणात. बीजिंगने 2011 मध्ये लिलावाऐवजी सोडत आणली, पण सोडतीलाही तुमच्या आईचे गुडघे दिसत नाहीत. लिलावाचा पैसा निदान सरकारी तिजोरीत जातो.
माझा आक्षेप वेगळा आहे. एवढे पैसे एकदा भरले की माणूस ते वसूल करायला गाडी जास्तच फिरवतो. दारात उभ्या गाडीने कोंडी होत नाही, सकाळी साडेआठला तीच हमरस्त्यावर आणली की होते. त्यासाठी 1998 पासून ईआरपीचा, म्हणजे गर्दीच्या वेळी रस्ता वापरण्याचा टोल आहेच. बोजा परवान्यावरून त्या टोलवर सरकवा.

सेंगकांगची_सई
काका, टोलचं पटलं. पण त्याच बीजिंगने 2021 पासून गाडी नसलेल्या कुटुंबांना सोडतीत झुकतं माप दिलंय. इथे घरातली तिसरी गाडी घेणारा आणि पहिली घेणारे आम्ही एकाच लिलावात. दुसऱ्या गाडीपासून जादा अधिभार लावायला काय हरकत आहे?

कोथरूडचा_नितीन
पुण्यात लिलाव नको, जपानचा नियम आणा. तिथे 1962 पासून कायदा आहे: गाडी ठेवायची जागा दाखवा, पोलिसांचा दाखला घ्या, मगच नोंदणी. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या, अग्निशमन दलाचा बंब वळत नाही. रस्ता सगळ्यांचा, त्यावर फुकट गॅरेज का?

जुना_जुरॉंगकर
नितीन, दाखला हवाच, पण त्याआधी पुण्यात पीएमपीच्या बस वाढवा. इथे सिंगापुरात गाडीवाचून अडत नाही ते एमआरटी मेट्रोमुळे.
सई, अधिभाराला माझा पाठिंबा. तोवर परवान्याची चार-पाच वर्षं उरलेली जुनी गाडी बघा. परवान्याचे पैसे उरलेल्या वर्षांपुरतेच मोजावे लागतील.