घरच्या घरी ब्रेक कॅलिपर रंगवायचे आहेत, पावसाळ्यात जमेल का?

म्हापसा_स्विफ्ट१६
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ची स्विफ्ट. गेल्या दिवाळीला अलॉय टाकले आणि तेव्हापासून डोक्याला ताप. आधी स्टीलच्या रिमवर व्हीलकॅप होती तेव्हा आत काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं, आता जाळीतून तो गंजलेला कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबतो तो भाग) असा दिसतो की गाडी मांडवीच्या तळातून काढली की काय. घराकडून समुद्र जवळ, खारा वारा आणि वर आपला पाऊस, गंज येणारच ते मान्य. पण एका डिटेलिंगवाल्याने पुढचे दोन कॅलिपर आणि मागचे दोन ड्रम मिळून चार हजार सांगितले, म्हटलं तेवढ्यात चवथीचं माटोळीचं (गणपतीवर फळाफुलांची बांधतो ती) सगळं सामान येऊन वर पैसे उरतील.
तर घरीच करायचा विचार आहे, चवथीआधी, म्हणजे पाऊस असणारच. कॅलिपर काढावा लागतो का गाडीवरच जमतं, स्प्रे बरा की ब्रश, आणि हीटवाला रंगच पाहिजे का, कारण घरात गेटचा एनॅमल अर्धा डबा पडलाय. बाबा म्हणतात ब्रेकला हात लावू नकोस, रंगाने ब्रेक कमी लागतो. खरं आहे का हे?

टेम्पो_कुंडई
लाल मार. लाल मारल्यावर ब्रेक दहा फूट आधी लागतो म्हणे 😄

कुळागर_फोंडा
मी दोन गाड्यांचे केलेत, एक माझी आणि एक मेव्हण्याची, आणि मेव्हण्याचा बिघडला म्हणून सांगायचा अधिकार आहे. कॅलिपर पूर्ण सुटा करायची काहीच गरज नाही. सुटा करायचा म्हणजे होज, ती ब्रेक ऑइलची रबरी नळी, काढायचा, मग ऑइल गळणार, हवा शिरणार, मग ती हवा काढायचं ब्लीडिंग करत बसा, आणि ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग जागच्या जागी उठतो. नुसते बोल्ट काढून बाजूला घेतलात तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगून ठेवा, होजवर लोंबकळत सोडू नका. होज आतून फाटला तर बाहेरून कळत पण नाही.
खरं काम सफाईचं. माझे एका चाकाला दोन तास गेले त्यात रंगाची वीस मिनिटं असतील. ती जी काळी धूळ असते ती फुंकून उडवू नका, मास्क घाला, ब्रेक क्लीनर मारा आणि खाली जुना ट्रे ठेवून त्यात ओघळू द्या. मग वायर ब्रश, कानाकोपऱ्यात जुना टूथब्रश, सुटा गंज सगळा निघाला की १२० नंबरचा पॉलिश पेपर, की परत क्लीनर. रॉकेल, डिझेल नको, तेलकट थर मागे राहतो. मेव्हण्याने डिझेलने धुतला होता, दिसायला एकदम चकाचक, आणि महिन्याभरात रंग उकडलेल्या अंड्याच्या सालीसारखा सुटला.
मग टेप. डिस्क झाका, पिस्टनचं रबर, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांची रबरं, होज आणि ते छोटं ब्लीडर निपल, त्याचं भोक रंगाने बुजलं तर पुढच्या सर्व्हिसला मेस्त तुमच्या नावाने शिव्या घालणार. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे रंगाचा थेंब नको, थर बसला की पॅड अडकतो. तुमच्या बाबांचं म्हणणं खरं ठरतं ते एवढ्याच ठिकाणी, बाकी कॅलिपरच्या पाठीवर रंग लावल्याने ब्रेकला काही होत नाही. आणि हो, हबचा जो सपाट भाग चाकाला टेकतो तोही सोडा. तिथला रंग नंतर दबतो आणि नट ढिले पडतात.
स्प्रेला झाकाझाक फार, ब्रशला कमी. घरी पहिल्यांदा करताय तर ब्रश घ्या. दोन-तीन पातळ हात, एकच जाड हात नको. ब्रशच्या रेघा पडल्या तरी चाक बसल्यावर कोणी गुडघ्यावर बसून बघत नाही.

डिचोली_ट्रकवाला
खाणीवर ट्रक चालवला मी, खाणी बंद पडेपर्यंत. ब्रेकला रंग मारतात हे मी या वयात ऐकतोय. पण पोरा हौस आहे तर कर, फक्त जॅकचं ऐकून ठेव, रंगापेक्षा ते महत्त्वाचं. पावसात आपली जमीन वरून घट्ट दिसते आणि आतून लोणी. जॅक सरळ चिऱ्याच्या मातीवर लावलास की हळूहळू एका बाजूला बसतो आणि गाडी कलते. खाली जाड फळी घाल, फरशीचा तुकडा नको, फुटतो. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले कर, गाडी गिअरमध्ये ठेव, विरुद्ध टोकाच्या चाकाला चिरा लाव, आणि जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लाव. घोडी नसेल तर शेजारच्या गॅरेजातनं माग, कोण नाही म्हणत नाही. काढलेलं चाक पण गाडीखाली आडवं सरकवून ठेव.
आणि गेटच्या रंगाचं विचारतोस, तर आमच्याकडे एकाने व्हॅनला तोच मारला होता. बेळगावला जाऊन चोर्ला घाट उतरून आला तेव्हा वास सुटला म्हणून केरीला थांबला, लाल रंगाची कॉफी झाली होती.

म्हापसा_स्विफ्ट१६
बाब, चोर्लाचं ऐकून गेटचा डबा परत माळ्यावर ठेवला 🙏 फळीचं बरं सांगितलंत, आमचं अंगण अर्धं मातीचंच आहे. हीटच्या रंगात पण प्रकार फार दिसतात, एकावर ३०० डिग्री, एकावर ६००, व्हीएचटी कंपनीचा कॅलिपरचाच म्हणून स्प्रे येतो त्यावर ९०० फॅरनहाइट, म्हणजे ४८० सेल्सिअसच्या आसपास. जितका जास्त आकडा तितका चांगला असं आहे का?

वाळपईची_मेकॅनिकल
नाही दादा, आकड्याच्या मागे लागू नका. ब्रेक ऑइल डॉट ३ प्रकारचं असेल तर ते नवंकोरं असताना २०५ डिग्रीला उकळतं, हवेतलं पाणी पिऊन जुनं झालं की १४०लाच. डॉट ४चं २३० आणि १५५. कॅलिपर खरंच ३००ला पोचला तर रंग जळायच्या आधी ऑइल उकळून पेडल तळाला गेलेलं असेल, रंगाचं दुःख करायला सवड मिळणार नाही. माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, चोर्ला उतरून आल्यावर सहज धरला तर डिस्क पावणेतीनशे आणि कॅलिपर सव्वाशे. पणजीच्या ट्रॅफिकमधून आल्यावर कॅलिपर सत्तर पण नव्हता. म्हणजे ३००वाला डबा पण पुरतो.
मग साधा एनॅमल का नको, तर तो शंभरच्या पुढे वारंवार गेला की पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि ब्रेक ऑइलचा शिंतोडा पडला की संपला. म्हणून कॅलिपरसाठीचाच बनवलेला घ्या. सायलेन्सरचा रंग उष्णता सोसतो पण त्यातले बरेच पक्के व्हायला जास्त उष्णता लागते, ती कॅलिपरला मिळतच नाही, मग नखाने खरवडला तरी निघतो. आणि खाली रेड ऑक्साइड मारायचा मोह होईल, नका मारू, डब्यावर प्रायमर सांगितला असेल तर तोच.
तुमचा खरा शत्रू आत्ता दमट हवा. स्प्रे उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंगावर चुन्यासारखी पांढरट झाक येते. दोन दिवस उघडीप बघा, दुपारी अकरा ते तीनमध्ये करा, लोखंड आधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. दोन हातांमधल्या वेळेचं डब्यामागे वाचा, काहींमध्ये तासाच्या आत मारा नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी असं असतं, मध्येच मारलं तर सुरकुत्या.
आणि हात आत गेलाच आहे तर पिना बघा. कॅलिपर हाताने पुढेमागे सरकला पाहिजे. जाम असेल तर पिना काढून पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

कुळागर_फोंडा
ताईंशी सहमत, फक्त हेअर ड्रायर घरच्यांना न विचारता नेऊ नका. अनुभव आहे.

म्हापसा_स्विफ्ट१६
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशीर झाला, चवथीची गडबड. झालं एकदाचं काम. उघडीप मिळाली ती नेमकी रविवारी, सकाळी सातला सुरू केलं आणि दुपारी जेवायला चार वाजले, आई अजून बोलतेय. स्प्रे नाही, ब्रशचाच घेतला, तीन हात. लाल घ्यायला गेलो होतो पण दुकानात उभं राहून विचार केला की लालवर आपली माती दिसणार नाही हे खरं, पण गाडी पण लाल, फारच टोमॅटो झालं असतं, म्हणून काळा घेतला. ड्रमना पण तोच.
चुका सांगतो. डाव्या बाजूला टेप नीट दाबली नव्हती, एक ओघळ डिस्कवर गेला, पॅड घासतो त्याच पट्ट्यात. लगेच फडक्यावर थिनर घेऊन पुसला, वर ब्रेक क्लीनर मारला. फळी घातली होती तरी घोडी पहिल्यांदा मातीत दोन बोटं रुतली, मग दुसरी फळी. बाब, तुमची आठवण काढली.
पण मुद्दा दुसराच. उजव्या बाजूचा कॅलिपर ताईंनी सांगितल्यासारखा हलवून बघितला तर हलेचना. बोल्ट काढून बघतो तर बाहेरचा पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आणि आतला जवळजवळ पत्र्याला आलेला, जेमतेम दोन मिलिमीटर. खालची पिन गंजून चिकटली होती, पान्याने फिरवत फिरवत काढली, रबर फाटून पाणी गेलेलं. दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिस झालीय गाडीची, बिलावर ब्रेक क्लीनिंगचे पैसे आहेत. कोण सर्व्हिस करतो ते लिहित नाही, पण त्याच्याकडे परत जात नाही एवढं नक्की. रबर आणि नवे पॅड दोन्ही बाजूंचे घातले, पिस्टन मागे दाबताना ऑइलची टाकी वरपर्यंत आली ती सिरिंजने थोडी काढली. चाक बसवून निघायच्या आधी बाबाच म्हणाले पेडल मार, आणि खरंच पहिली चार वेळ पेडल तळाला गेलं, पाचव्याला कडक झालं. न मारता रिव्हर्स घेतली असती तर गेटचा एनॅमल वापरायची वेळ आलीच असती.

वाळपईची_मेकॅनिकल
पॅड दोन मिलिमीटरवर आला म्हणजे ब्रेक मारताना शिट्टी वाजायला हवी होती की.

म्हापसा_स्विफ्ट१६
वाजत होती. मला वाटायचं पावसाचं पाणी लागून वाजते, सकाळी सगळ्यांच्याच वाजतात म्हणून सोडून दिलं.

डिचोली_ट्रकवाला
बाबांना काय सांगितलंस?

म्हापसा_स्विफ्ट१६
काही सांगावं लागलं नाही, ते समोरच खुर्ची टाकून बसले होते. आता म्हणतात स्कूटरचा पण बघ.
रंगाचा अर्धा डबा उरलाय, हार्डनरवाला नाही, साधा आहे, झाकण घट्ट लावलंय. म्हापशात कुणाला पाहिजे असेल तर फुकट घेऊन जा, घट्ट व्हायच्या आत.

टेम्पो_कुंडई
मला ठेवा. शुक्रवारी बाजाराला येतो तेव्हा नेतो. लाल असता तर बरं होतं.