दादाची दारू सोडवायचीय, मुक्तांगणला न्यावं का? घरचे म्हणतात उचलून न्या

संगमनेरची_धाकटी

नमस्कार. इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. माझा मोठा दादा, वय ४२, स्वतःचं वेल्डिंगचं वर्कशॉप, हातात कला आहे आणि माणूस म्हणून सोनं. आमचे वडील गेले त्यानंतर पिणं वाढत गेलं, आधी मित्रांबरोबर कधीतरी, मग रोज रात्री, आता सकाळी उठल्या उठल्या लागते, नाही मिळाली तर हात एवढे थरथरतात की चहाचा कप धरता येत नाही. दुकान आठवड्यातून निम्मे दिवस बंद. वहिनी अगदी गप्प झालीय. आई रडते आणि पदराआडून पैसेही देते, म्हणते तडफडतो ते बघवत नाही.

आता घरात नुसती मतं चाललीत. काका म्हणतात एका सेंटरची गाडी येते, चार जण येऊन उचलून नेतात, सहा महिने भेटायचं नाही की फोन नाही, माणूस सरळ होऊन येतो. मामींनी कुठली तरी पावडर आणून दिलीय, भाजीत मिसळायची, त्याला कळणार पण नाही. शेजारचे म्हणतात एकदाच घरात कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल. मला पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र फक्त ऐकून माहितीय. तिथे नक्की काय करतात, तिथल्या ३५ दिवसांच्या उपचारात एवढ्या वर्षांची दारू सुटते का, आणि मुख्य म्हणजे दादाला तयार कसं करायचं? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, बाकीचं नंतर, आधी हे वाचा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला दारूची सवय झालीय. अशा माणसाची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. मी मानसोपचार वॉर्डात काम करते, असे पेशंट नेहमी बघते. शेवटच्या पेगनंतर काही तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, दिवस कुठला ते कळत नाही, ताप चढतो. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि यात माणूस दगावू शकतो. लोकांना वाटतं अंगात काहीतरी शिरलं आणि मांत्रिकाकडे नेतात, तोवर वेळ जातो. दवाखान्यात विड्रॉलच्या, म्हणजे दारू बंद केल्यावर होणाऱ्या या त्रासाच्या गोळ्या डोस हळूहळू कमी करत देतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१ चं इंजेक्शन, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी झालेलं असतं आणि त्याचा मेंदूवर परिणाम होतो. हे सगळं नीट केलं तर तो आठवडा सुखरूप पार पडतो.

आणि ती पावडर आजच फेकून द्या. अशा चोरून द्यायच्या औषधांत बऱ्याचदा डायसल्फिरम निघतं. ते अंगात असताना दारू प्यायली की छातीत धडधड, चेहरा लालबुंद, बीपी खाली, हृदयावर ताण, जीवावर बेतू शकतं. डॉक्टर हे औषध देतात, नाही असं नाही, पण पेशंटला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, लिव्हर-हृदय तपासून. न सांगता भाजीतून देणं म्हणजे त्याच्याशी जुगार. शिवाय उद्या त्याला कळलं तर घरच्या जेवणावरचा विश्वास जाईल तो वेगळाच.

आजचा_दिवस

मी स्वतः मुक्तांगणमधून बाहेर पडलेला माणूस आहे, बरीच वर्षं सोबर आहे, थेंबही घेतलेला नाही, म्हणून आतलं सांगतो. ही संस्था पुण्यात येरवड्याला आहे. १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केली. अवचटांनी तेव्हा पुण्यातल्या ब्राऊन शुगर या ड्रगच्या नादी लागलेल्या पोरांवर लेख लिहिले होते, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई इतके अस्वस्थ झाले की यावर काहीतरी उभं करा म्हणून त्यांनी पैसे दिले. सुनंदाताई मानसोपचारतज्ज्ञ, येरवड्याच्या मनोरुग्णालयातच नोकरीला होत्या, त्यामुळे सुरुवात तिथल्याच आवारात झाली. १९९७ मध्ये त्या कॅन्सरने गेल्या, नंतर मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं. हे एवढ्यासाठी सांगतोय की त्या जागेचा स्वभाव सुनंदाताईंनी घडवलाय. आत आलेल्याला गुन्हेगार समजायचं नाही, तो आजारी आहे, एवढंच. मला सगळ्यात आधी हेच जाणवलं, की इथे कुणी माझ्याकडे खालच्या नजरेने बघत नाहीये.

पहिले काही दिवस डिटॉक्स, म्हणजे अंगातली दारू उतरवणं, डॉक्टर, औषधं. नंतर दिवस भरगच्च असतो, सकाळी योग, मग ग्रुप, समुपदेशकाशी एकट्याने बोलणं, संगीत, आणि आपली कामं आपणच करायची. तिथले बरेच समुपदेशक एकेकाळी स्वतः व्यसनी होते, त्यामुळे थापा चालत नाहीत हो. मी "टेन्शन होतं म्हणून प्यायचो" म्हणालो तर समोरचा म्हणाला टेन्शन नसताना काय करायचास. उत्तर नव्हतं.

३५ दिवसांत सुटते का, तर ताई, ३५ दिवसांत फक्त डोकं ताळ्यावर येतं. खरी परीक्षा गेटच्या बाहेर. तोच चौक, तोच वाईनशॉप, तेच मित्र आणि "एकाने काय होतंय" म्हणणारा एक तरी पाहुणा. म्हणून फॉलोअप, म्हणजे बाहेर आल्यावरही ठरलेल्या भेटींना जात राहणं, सोडायचा नाही. मुक्तांगणची फॉलोअप सेंटर्स महाराष्ट्रात बऱ्याच गावांत चालतात, तुमच्या जवळचं कुठलं ते फोन करून विचारा. जोडीला अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगा, मराठीत होतात, फी नाही, नाव विचारत नाहीत. आणि मध्ये कधी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला, तर "सगळं वाया गेलं" म्हणून घरात आकांत करू नका, दुसऱ्याच दिवशी परत फॉलोअपला न्या. ज्यांची पुन्हा सुरू झाली आणि परत येऊन नंतर कायमची थांबली, असे आमच्या ग्रुपमध्ये पुष्कळ आहेत.

सहचरी_हडपसर

धाकटी, सगळे दादाबद्दल बोलतायत, मी वहिनीबद्दल बोलते. माझे मिस्टर मुक्तांगणमध्ये होते तेव्हा मला वाटायचं उपचार त्यांच्यावर चाललेत, मी फक्त डबा न् कपडे पोचवणारी. तिथे बायकांसाठी सहचरी म्हणून गट आहे, पहिल्यांदा गेले तेव्हा नुसती रडले, नंतर कळलं की बाजूला बसलेल्या सगळ्यांचं घर सेम टू सेम. बाटल्या लपवणं, साहेबांना फोन करून "यांना ताप आहे" सांगणं, उधारी भागवणं, खिसे तपासणं, आपणही चोवीस तास त्या दारूभोवतीच फिरत असतो आणि त्यात पोरांचं काय चाललंय, स्वतःची तब्येत काय म्हणतेय हे विसरूनच जातो. वहिनी गप्प झालीय असं तू लिहिलंस ना, तिला एकटीला घेऊन बस. तिला विचार तू कशी आहेस, तो कसा आहे हे नको विचारूस.

आईंना पण सांगायला लागेल, प्रेमाने सांगा. पैसे बंद करायचे पण तेही डॉक्टरांकडे नेण्याचं ठरलं की मग, नाहीतर सिस्टरनी सांगितलं तसं एकदम तोडलं तर फिट यायची. उधारी कुणी फेडायची नाही, दुकानाच्या गिऱ्हाइकांना खोटं सांगायचं नाही. जेवायला मात्र वाढायचं, बोलायचं, तोडायचं नाही.

वकीलसाहेब_नाशिक

काकांना एवढं सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक त्रासही मोडतात. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवायचं तर त्याची ठरलेली पद्धत आहे, त्याच्या वतीने जो नामनिर्देशित प्रतिनिधी असेल त्याचा अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञ धरून दोन जणांनी वेगवेगळं तपासावं लागतं, आणि तेही आधी ३० दिवसांपर्यंतच. चार धटिंगण येऊन गाडीत कोंबणं यात कुठेच बसत नाही. साखळीने बांधणं तर सरळसरळ बंद आहे. सेंटर कुठलंही असो, नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारा. सहा महिने भेटायचं नाही म्हणणाऱ्या ठिकाणी माझा माणूस मी ठेवणार नाही.

ठाण्याची_मीनल

एक गोष्ट कुणी बोललं नाही, वडील गेल्यावर वाढली असं लिहिलंय. कदाचित दुःख साचलंय, डिप्रेशनही असू शकतं, ते न बघता नुसती दारू थांबवली तर परत सुरू व्हायची भीती राहते. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाला हे आवर्जून सांगा. पुणं लांब वाटत असेल तर आधी नगरच्या सिव्हिलमध्ये दाखवून घ्या. फोनवर बोलायचं असेल तर सरकारचं टेलीमानस आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात, आणि व्यसनासाठी वेगळा नंबर १४४४६. तू स्वतः पण कर फोन, दादानेच केला पाहिजे असं नाही.

संगमनेरची_धाकटी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पावडर बेसिनमध्ये ओतली, मामी रागावल्या तर रागावू देत. वहिनीला तुमचे मेसेज वाचून दाखवले, खूप वेळाने बोलली आज. पण मूळ प्रश्न राहिलाच, दादाशी विषय काढायचा कसा? दारूचं नाव काढलं की ताडकन उठून जातो.

आजचा_दिवस

रात्री काढूच नका, प्यायलेल्या माणसाशी बोलून काही होत नाही. सकाळी आंघोळ करून थोडा ठीक असेल तेव्हा, आणि सगळ्यांनी घेराव घालून नाही, ज्याचं तो ऐकतो त्या एकानेच. बहुतेक तुम्हीच असाल. "दारू सोड" म्हणू नका, ते तो रोज ऐकतो. हात थरथरतात त्यावरून सुरू करा, "दादा, डॉक्टरांना दाखवू, मी येते सोबत". थरथर त्यालाही नकोय, वेल्डिंग करणाऱ्याला हात स्थिर लागतात. मी पण पहिल्यांदा झोप लागत नाही म्हणूनच गेलो होतो, दारूसाठी नाही. तो हो म्हणाला की त्याच आठवड्यात न्या, दिवाळीनंतर बघू असं करू नका, ते हो टिकत नाही. निघायच्या आधी मुक्तांगणला फोन करून जागा, खर्च आणि कागदपत्रं विचारून घ्या, आणि आत्ता चालू असलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट सोबत ठेवा. प्रवासात विड्रॉल सुरू होऊ नये म्हणून वाटेत काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. पुण्यात आलात की इथे लिहा, मी शनिवार-रविवार मोकळा असतो, गेटवर येऊन भेटेन दादाला.