'झाल' या पोलिश शब्दाला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : पोलिश संगीतकार शोपँच्या मझुर्कांवरचा (पोलिश लोकनाचाच्या ठेक्यावरच्या पियानो-रचनांवरचा) एक लेख मराठीत करतोय. त्यात 'झाल' हा पोलिश शब्द वारंवार येतो (आपल्या 'झाला'शी काही नातं नाही). कोशात 'दुःख, खेद' एवढंच सापडलं. लेखकाचं म्हणणं असं की हा शब्द परक्याला कळायचा नाही, म्हणून शोपँही पुरता कळायचा नाही. मी 'हुरहुर' लिहिलंय. चालेल?

प्रतिसाद १ : नाही, फार मऊ झालं. हुरहुरीत कुणावर राग नसतो. पोलिशमध्ये 'झाल मी' म्हणजे मला वाईट वाटतंय, हळहळ वाटतेय. पण 'माम झाल दो न्येगो' म्हटलं की त्यानं मला दुखावलंय आणि ते मी विसरलेलो नाही. एका 'दो'नं शब्द दुःखाकडून रागाकडे वळतो. 'खंत'मध्ये हा राग नाही, 'अढी'त दुःख नाही. माझं मत 'सल'. माणूस गेल्याची सल असते, तशी आपल्याला डावलल्याचीही असते.

शोपँला ती शोभतेही. १८३० च्या नोव्हेंबरात विसाव्या वर्षी त्यानं वॉर्सा सोडलं, त्याच महिन्याअखेर रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला, पुढच्या वर्षी तो चिरडला गेला. शोपँ परतलाच नाही. गंमत म्हणजे या शब्दाचा गाजावाजा केला तो संगीतकार लिस्टनं, शोपँवरच्या पुस्तकात. लिस्ट हंगेरीचा!

प्रतिसाद २ : 'सल' पटलं. मला खटकतंय ते 'कळणं'. मझुर्का तीन मात्रांची, पण वॉल्ट्झ या तीन मात्रांच्याच नाचासारखा पहिल्या मात्रेवर ठाम जोर नाही. तो दुसरीवर नाहीतर तिसरीवर सरकतो. जर्मनीत जन्मलेला पियानोवादक हॅले शोपँला म्हणाला, तुम्ही वाजवता तेव्हा चार मात्रा ऐकू येतात. शोपँनं साफ नाकारलं. मग हॅलेनं त्याच्या वाजवण्यावर मोठ्यानं चार-चार मोजून दाखवलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, हा या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच आहे. म्हणजे परक्याच्या कानाला ते बरोबर 'जाणवलं' होतं, उलगडा तेवढा झाला नव्हता.

आणि १९५५ च्या वॉर्सातल्या शोपँ पियानो स्पर्धेत मझुर्कांचं खास बक्षीस कुणाला? शांघायच्या फू त्सुंगला. पहिला आलेला हाराशेविच पोलिश होता, तरी.

प्रतिसाद १ : फू त्सुंगला ठेका 'उमगला' म्हणा. उठाव चिरडल्याची सल त्याला 'लागली' असं त्यातून निघत नाही.

प्रतिसाद २ : मान्य. पण आज वॉर्सात वाढणाऱ्या पोराला तरी १८३१ ची सल आपोआप कुठून लागणार? शाळेत कुणीतरी सांगावंच लागतं. परक्याला थोडं उशिरा सांगतात, इतकंच. (शिवाय शोपँचे वडील फ्रेंच होते, हे लेखकानं सोयीस्करपणे गाळलेलं दिसतंय.)

प्रश्नकर्ता : 'हुरहुर' खोडली. पहिल्यांदा 'झाल' ठेवून पुढं 'सल' लिहितो. मग ते वाक्य 'परक्याला हे लागत नाही' असं करू का?

प्रतिसाद १ : भाषांतर करताय ना? त्यानं 'कळत नाही' म्हटलंय तर 'कळत नाही'च लिहा. चूक त्याची त्याच्याजवळ राहू दे.